मोहाचं लाकूड आमच्या घरचं नव्हतं

काकी, बिसाहूकाकाच्या मौतीला आमच्या घरून लाकूड आलंच नव्हतं. जे मोहाचं लाकूड तू जन्मभर आमचं म्हणून सांगत राहिलीस, ते आमचं नव्हतं. आमचं लाकूड मी चौकात उतरवलं आणि घरी येऊन बाबांना सांगितलं, "देलं." हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बाबांजवळ नाही, बायकोजवळ नाही, तुझ्याजवळ तर नाहीच. आता तू नाहीस आणि मी बोलतोय. यात हिंमत कसली, हे मलाही कळतं. पण परवा तुझी तेरवी आहे, आणि तुझी लेक बिंदा त्या दिवशी माझ्या खांद्यावर मानाचा दुपट्टा टाकायचं म्हणते आहे. भर पंगतीसमोर. त्याआधी मला तोंड उघडायचं आहे.

गावाबाहेरचा कोणी हे वाचेल तर म्हणेल, एका लाकडाचं एवढं काय? त्याच्यासाठी सांगतो. आमच्याकडे माणूस गेला की घरामागं एक, म्हणजे दर घरचं एक लाकूड जातं. सांगावं लागत नाही. घरचा माणूस आपल्या खांद्यावर लाकूड आणतो, मयताच्या अंगणात ठेवतो आणि मागं फिरतो. कोणाचं कोणतं हे कोणी विचारत नाही. देणारा सांगत नाही, घेणारा आभार मानत नाही. मग सगळी लाकडं बैलबंडीत भरून घाटावर जातात. ज्याच्या अंगणात लाकडं पडली तो गावचा. ज्याच्या अंगणात नाही पडली तो इथं नुसता राहून गेला. एवढाच कायदा. कुठं लिहिलेला नाही, म्हणूनच मोडायला अवघड. मोडणाऱ्याला तर फारच सोपा, कारण कोणी तपासत नाही.

तुम्ही डोंगरगडच्या पलीकडून आलात. बिसाहूकाका राइस मिलमध्ये पोती वाहायचा, तू स्टेशनामागच्या एका खोलीत बिंदाला घेऊन राहायचीस. गावाला तुझं नाव माहीत नव्हतं. "त्या छत्तीसगढीची बायको" एवढंच. तुझं नाव सुकवारो आहे हे मला बिसाहूकाका गेल्यावर कळलं, तेही तूच सांगितलंस म्हणून.

काकाला कावीळ झाली. नवरात्रात चौकात शारदादेवी बसली होती, त्या दिवसांत तो गेला. मला मिशी फुटली होती आणि शारदा मंडळात नुकतंच घेतलं होतं, म्हणजे मला आभाळ ठेंगणं झालं होतं. बाबा कंबर धरून खाटेवर पडले होते. त्या पावसाळ्यात वादळानं आमच्या परसातला मोह पडला होता, त्याची लाकडं भिंतीला रचलेली होती. बाबांनी पडल्यापडल्याच सांगितलं, "मन्या, मोहाचं घे. जड पाहून घे."

मी म्हटलं, "बाबा, ते तं परके लोक आहेत."

"मेलेला परका राहते का रे? जा, बिगीनं जा."

निघालो. जड पाहूनच घेतलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण घरून निघताना माझ्या मनात काही नव्हतं. माणूस घरून निघताना बरा असतो. चौकात बिघडतो.

चौकात मंडपामागं महाप्रसादाची चूल पेटली होती. भुमेश भाजीच्या मोठ्या गंजाजवळ उभा होता, हातात भला मोठा झारा. मंडळाचा सगळा कारभार तेव्हापासूनच त्याच्याकडे.

"अबे मन्या, लाकूड घेऊन कुठी जाऊन राहिला?"

"बिसाहूकडे."

"कोण बिसाहू?"

"मिलमधला. गेला ना तो."

"तो छत्तीसगढी? त्याचं गाव आहे का बे हे? त्याच्या गावचे देतील ना लाकूड." पोरं हसली. भुमेशला चेव आला. "इथं मायचा प्रसाद अर्धा कच्चा आहे, लाकूड पुरून नाही राहिलं, अन् हा पाहा, निघाला दान कराले! उद्या याले काही विचारलं तं त्यायच्याच बोलीत 'का होगे गा' म्हणंल."

त्यावर जोरात हशा झाला. काकी, त्यात मीही होतो. माझं हसू सगळ्यांत मोठं होतं, कारण मी नवा होतो.

कोणी माझं लाकूड हिसकावलं नाही. हे मी इतकी वर्षं स्वतःला वेगळं सांगत आलो, की पोरांनी घेतलं, मी काय करणार. खोटं. मीच खांद्यावरून उतरवलं आणि मीच वाकून चुलीत सारलं. वांग्याची भाजी झाली त्यावर. मी दोनदा वाढून घेतली.

घरी आलो. बाबांनी विचारलं, "देलं का?" म्हटलं, "देलं." ते कुशीवर वळले आणि झोपले.

काकाची तेरवी झाल्यावर तू आमच्या घरी आलीस. पहिल्यांदाच. बिंदा तुझा पदर धरून. तू उंबऱ्याच्या बाहेरच बसलीस आणि बाबांना म्हणालीस, "भाऊ, मी कोणाचं तोंड नाही पाह्यलं. पदर होता डोईवर. पाय दिसत होते अन् लाकडं दिसत होती. मिलवाले हमाल आले, ते आमचेच. पण एक लाकूड मोहाचं होतं. या गल्लीत मोह फक्त तुमचा पडला. मले समजलं."

बाबा काही बोलले नाहीत. देणाऱ्यानं बोलायचं नसतं. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. माझ्या बापानं माझ्याकडे इतक्या अभिमानानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसलो. ते मोहाचं लाकूड मग कोणाचं, हे मी तेव्हा शोधलं नाही, नंतरही नाही.

मग तू ते वाक्य म्हणालीस. मला वाटतं, तुझ्या लक्षातही राहिलं नसेल. माझ्या राहिलं. "माया भाऊ न्याले आला होता. म्हणे, इथं कोण आहे तुयं, चल. मी म्हटली, नाही येत. या गावातून एक घर आलं. एक घर आलं म्हणजे गाव आलं."

म्हणजे तू त्या लाकडावर राहिलीस. आमच्या म्हणून समजलेल्या एका लाकडावर तू अख्खं आयुष्य टेकवलंस. लाकूड नाही दिलं, हे एवढंसं पाप आहे. तरुणपणी सगळेच करतात असलं काही. पण न दिलेल्या लाकडाचे आभार तू मानत राहिलीस आणि मी घेत राहिलो, याला काय म्हणायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

तू मुरमुऱ्याची भट्टी टाकलीस. बाजाराच्या दिवशी गुळगुळीत दगडावर पोतं अंथरून बसायचीस, तोंडानं गिऱ्हाइकाशी भांडायचीस आणि हातानं वर मूठभर जास्त टाकायचीस. मी पुढं औषधाचं दुकान काढलं. दर बाजारी तू मुरमुऱ्याचा पुडा माझ्या काउंटरवर ठेवायचीस. "तुया बापाच्या नावाचा." आधी मी ते खात नव्हतो. बायको कांदा-तेल लावून पुढं ठेवायची, मी भूक नाही म्हणायचो. मग खाऊ लागलो. माणसाला सवय होते, काकी. लाजेचीही.

बाबा गेले त्या दिवशी तू आलीस, ते या गावात जो जिवंत आहे त्याला आठवतं. अंगणात माणसं जमली होती, लाकडं येत होती. आणि तू फाटकातून आत शिरलीस, डोईवर चुंबळ, चुंबळीवर बाभळीचं हे एवढं लाकूड. आमचे एक काका पुढं आले.

"बाई, बाईमाणसानं लाकूड आणाचं नसते. आपल्यात नाही तशी रीत."

तू लाकूड डोईवरून उतरवलं नाहीस. तशीच उभी राहून म्हणालीस, "मंग कोण आणन? माया घरी माणूस आहे का? दाखवा मले माया घरचा माणूस, मी त्याले पाठवतो."

"तसं नाही, पण..."

"यायच्या घरून माया दारात आलं होतं. तवा रीत होती. आता माया घरून यायच्या दारात आलं, तं रीत नाही?"

काका बाजूला झाले. तू लाकूड ठेवलंस आणि मागं फिरलीस, अगदी रीतीप्रमाणे, कोणाकडे न पाहता. मी बाबांच्या उशाशी बसलो होतो. मला तेव्हा ओरडून सांगायला हवं होतं की रीत मी मोडली आहे, या बाईनं नाही. मी रडत होतो. लोकांना वाटलं, बापासाठी रडतोय.

त्यानंतर तू एक घर सोडलं नाहीस. बंगलेवाला असो की टोलीवरच्या झोपडीतला, तुला ओळखणारा असो की तुला 'छत्तीसगढी' म्हणणारा. पहिले लोक कुरकुरले, मग चेष्टा करू लागले. "सुकवारो आली का? मंग गेला म्हाताराबा पक्का." डॉक्टरपेक्षा तुझ्यावर भरोसा. पानठेल्यावर कोणी तुला छेडलं की तू सोडायची नाहीस. "तुया घरी याची मले घाई नाही रे बाबू. पण त्या बिड्या कमी कर, माया गुडघ्यात जोर आहे तवरिक थांब." करोनाच्या दिवसांत सख्खी पोरं घाटावर जायला भीत होती, तेव्हाही तू तोंडाला पदर गुंडाळून जायचीस, लाकूड घाटाच्या फाटकाशी ठेवायचीस आणि परतायचीस.

मग घाटावर मोक्षधाम झालं. टिनाचं शेड, सिमेंटचे ओटे, रंगवलेली कमान. डेपोतून लाकूड मागवायची सोय झाली. फोन करा, ट्रॅक्टर येतो. घरोघरचं लाकूड बंद पडलं. कोणी ठरवून बंद केलं नाही, घरात गॅस आला, चुली गेल्या, परसातली झाडं गेली, आणि लोकांनाही सुटल्यासारखं झालं. तू मात्र नेतच राहिलीस. ट्रॅक्टरभर लाकडांवर तुझं एक लाकूड.

यावरून आपलं भांडण. दर बाजारी, दुकानात, तू गुडघ्याच्या गोळ्या न्यायला आलीस की.

"काकी, कशाला ओढून राहिली या वयात? गाव मेलं आता."

"गाव कसं मरंल रे? तू मेला का? मी मेली का?"

"कोण आणते आता लाकूड? एक घर सांग."

"मी आणतो ना. एक घर आलं म्हणजे गाव आलं."

"हे कोणी सांगतलं तुले?"

"तुया बापानं." असं म्हणून हसायचीस. "बोलला नाही तो. पण त्यानंच सांगतलं."

प्रत्येक वेळी तू हेच टाकायचीस आणि प्रत्येक वेळी मी गोळ्यांच्या डब्याकडे वळायचो. तुला वाटायचं, तू वादात जिंकलीस. मला माहीत होतं की तुझा पुरावाच खोटा आहे, आणि तो खोटा करणारा मी समोर बसून तुला गोळ्या मोजून देतोय.

एकदा मी सांगायला निघालो होतो. दुकानात कोणी नव्हतं, दुपार होती, तू बाकावर पाय पसरून बसली होतीस. मी म्हटलं, "काकी, एक गोष्ट सांगायची होती." तू म्हणालीस, "सांग ना बाबू." आणि अशा गोष्टींत घडतं तसं काही घडलं नाही. गिऱ्हाईक आलं नाही. फोन वाजला नाही. कोणी अडवलं नाही. मीच म्हटलं, "या गोळ्या उपाशीपोटी नको घेत जाऊ." तू मान डोलावलीस. थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिलीस. मग उठलीस.

तुला माहीत होतं का, काकी? हा प्रश्न मला खातो. माहीत असेल तर तू फार मोठी होतीस. नसेल तर मी फार लहान आहे. दोन्हींत माझी सुटका नाही, म्हणून मी तो प्रश्न सोडून दिला आहे.

तू धानकापणीत गेलीस. सकाळी शेजारीण भट्टीवर विस्तव मागायला आली, तर तू भिंतीला टेकून बसलेली. बिंदा राजनांदगावहून गाडीनं दुपारपर्यंत येणार होती. तिच्या आधी भुमेशचं बॅनर आलं. भुमेश आता नगरसेवक आहे, हे तुला मी काय सांगू. तुझा फोटो कुठून मिळवला देव जाणे, रेशनकार्डावरचा असावा, घाबरलेला. त्याखाली मोठ्या अक्षरात, 'गावाची माउली'. त्याखाली भुमेशचा तुझ्याहून मोठा फोटो. आणि खोलीसमोर ट्रॅक्टर उभा, डेपोच्या लाकडांनी भरलेला.

मला काय झालं ठाऊक नाही. मी जन्मात कोणाशी आवाज चढवून बोललेला माणूस नाही. ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, "एक लाकूड खाली नाही उतरवायचं."

भुमेश आला. "काऊन? काय झालं?"

"हिच्यासाठी डेपोचं लाकूड नाही चालणार. घरामागं एक येईल."

"अरे, कोणाच्या घरी लाकूड आहे आता? येनाचं लाकूड आहे हे, पक्कं. मी स्वतः सांगून आणलं. तू कायले तमाशा करून राहिला?"

"मी फिरतो घरोघर."

"भीक मागशील?"

"भीक नाही भुमेश, वसुली आहे. हिनं एकेका घरी नेलं आहे."

तो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मन्या, ते जुनं कायले उकरून राहिला?" म्हणजे त्यालाही आठवत होतं. इतकी वर्षं दोघांनाही आठवत होतं, आणि आम्ही रोज एकमेकांना रामराम घालत होतो.

मी निघालो. आधी आमच्याच घरी गेलो. आता आमच्याकडेही चूल नाही. परसातल्या सीताफळाची वाळलेली फांदी तोडली, ती खांद्यावर घेतली आणि बाजारओळीतून मधोमध चाललो. ज्या चौकात एकदा उतरवलं होतं त्या चौकातून. कोणी हसलं असेल तर मी पाहिलं नाही. तुझ्या अंगणात ठेवलं, मागं फिरलो, आणि पहिल्या घराची कडी वाजवली.

ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. तू असतीस तर केली असतीस. तुझी खोड होती ती. मी नाही. काही दारं उघडलीच नाहीत. एका बंगल्यातून आवाज आला, "आमचे हे गोंदियाले गेले." मोटारसायकल अंगणात उभी होती. एकानं सांगितलं, "भाऊ, ट्रॅक्टर आला म्हणते ना?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांच्या घरी तू दोनदा गेली होतीस, म्हातारा गेला तेव्हा आणि म्हातारी गेली तेव्हा. मी म्हटलं तसं. स्पष्ट म्हटलं. त्यांना राग आला. येऊ दे. हे छापून आल्यावर आणखी येईल. तोही येऊ दे.

पण एका घरची सून आतून धावत आली. म्हणाली, "आमच्याकडे सिलिंडर आहे भाऊजी, लाकूड कुठून आणू?" आणि रडायलाच लागली. मग तिनं माळ्यावरून जुन्या खाटेचा पाय काढून दिला. मी म्हटलं, मी नेणार नाही, तूच ने. ती बिचकली. म्हणाली, "मी? बाईमाणूस?" मी म्हटलं, "ज्या बाईसाठी नेते आहेस, तिला विचार." ती गेली, काकी. डोक्यावर पदर, हातात खाटेचा पाय. मग तिच्या शेजारची पाटाची फळी घेऊन गेली. कोणी वखराचा दांडा आणला. कोणी दाराची जुनी चौकट. कोणाची खळ्यावरून येताना उचललेली बाभळीची फांदी. तुझ्या अंगणात बाया लाकडं ठेवत होत्या, आणि पुरुष फाटकाशी उभे राहून काय करावं याचा विचार करत होते. मग तेही हलले.

भुमेशनं ट्रॅक्टरमधलं एक लाकूड उचललं आणि अंगणाकडे निघाला. मी आडवा आलो. "हे डेपोचं आहे. घरून आण." त्यानं माझ्याकडे पाहिलं, लाकूड परत टाकलं आणि निघून गेला. परत आला नाही. घाटावर भाषणाला मात्र आला. आपलं गाव कसं एका कुटुंबासारखं आहे, ते त्यानं सांगितलं.

आता शेवटचं घर. तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सीताराम बुढा राहतो, मासे धरायचा तो. आता डोळ्यांनी दिसत नाही. मी त्याच्याकडे जाणारच नव्हतो, म्हटलं आंधळ्या म्हाताऱ्याला कशाला त्रास. पण तू घर सोडत नव्हतीस, म्हणून गेलो. त्याला सांगितलं, सुकवारो गेली. तो बसल्याजागी चाचपडू लागला. "लाकूड पायजे मंग." झोपडीच्या कुडाला टेकलेली काठी, त्याची चालायची काठी, तीच त्यानं पुढं केली.

"बाबा, ही नको. तुम्हाला लागंल."

"धर. मागच्या वक्ती मोहाचं होतं. आता नाही माया जवळ मोह."

मी विचारलं, "कोणत्या वक्ती?"

"तिचा बुढा मेला तवा. पाळीवरचा मोह होता ना, त्याची डांग मोडून पडली होती. मीच नेली. मासे विकून येऊन राहिलो होतो, कोणी म्हणे हमाल मेला, लाकूड नाही आलं. तं नेली."

मी तिथंच पाळीवर बसलो. विचारलं, "तिले सांगतलं काऊन नाही? ती जन्मभर..."

त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "लाकूड देल्यावर सांगते का रे कोणी?"

म्हणजे आपल्या भांडणात तूच बरोबर होतीस, काकी. एक घर आलं होतं. तू फक्त घर चुकलीस. पदराआडून तू जे पाय पाहिलेस, ते आमचे नव्हते, पाळीवरच्या त्या माणसाचे होते. तू बाजारात त्याच्या शेजारी बसलीस, त्याच्याशी जागेवरून भांडलीस, त्याच्या माशांच्या वासाला नावं ठेवलीस, आणि तुझा पुडा दर बाजारी माझ्या काउंटरवर येत राहिला. त्यानं कधी एक शब्द काढला नाही. या गावात एक तरी माणूस रीत पाळणारा होता, आणि त्याला बॅनरवर जागा मिळणार नाही.

मी आता कोणाला म्हणू देणार नाही की आपलं गाव फार एकजीव आहे. आणि गाव मेलं असंही म्हणू देणार नाही. दोन्ही म्हणणारे घरात बसलेले असतात. ज्यानं लाकूड नेलं त्यानं म्हणावं.

काठी मी घेतली नाही. सीताराम बुढ्याला हाताला धरून तुझ्या अंगणात आणलं, त्यानं स्वतः ठेवली. परत जाताना तो माझा खांदा धरून चालला. त्याच्या मोहाचे आभार इतकी वर्षं मी घेतले, हे मला त्याला सांगायचं होतं. पुन्हा नाही जमलं. इतकं सगळं ओरडून, इतक्या दारांवर थापा मारून, तेवढं एक वाक्य नाही जमलं.

सगळं आटोपल्यावर तुझ्या खोलीत बिंदानं माझे पाय धरले. मी मागं सरलो, तरी धरले. म्हणाली, "भैया, आई म्हणायची, या गावात आपलं माहेर एकच घर आहे. तेरवीला माहेरचा मान तुम्हीच घ्यायचा. दुपट्टा मी आणला आहे. नाही म्हणू नका." सगळे पाहत होते. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. माझं आयुष्य या दोन शब्दांच्या मधल्या जागेत गेलं आहे.

तुझी आठवण म्हणून काही लिहून दे, छापू, असं गावातल्या पोरांनी म्हटलं, म्हणून हे लिहायला बसलो होतो. तू किती प्रेमळ होतीस वगैरे लिहायचं होतं. तू प्रेमळ नव्हतीस फार. तोंडाची फटकळ होतीस, बिंदाच्या सासूशी पटवून घेतलं नाहीस, उधारी मागणाऱ्याला चारचौघांत पाणी पाजायचीस. पण तू एका खोट्यावर उभी राहून खरं वागलीस, आणि मी खरं माहीत असून खोटा वागलो. याहून जास्त तुझ्याबद्दल मला लिहिता येत नाही.

लिहिणं सोपं गेलं, हेही सांगून टाकतो. कागद मध्येच तोंड वर करून पाहत नाही. बिंदा पाहील.

परवा पंगत बसण्याआधी, सगळ्यांसमोर, मला तुझ्या लेकीला तोंडानं सांगायचं आहे की तो दुपट्टा सीताराम बुढ्याचा आहे आणि तो का आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही. तेवढं माझ्याकडून बाकी आहे.